वाचकांचे प्रश्न : श्रेयनामावली थरथरते का?

प्रश्न : माहितीपटाच्या शेवटी खालून वर सरकणारी श्रेयनामावली आहे. प्रोजेक्ट १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. नावांची पट्टी ४३२० पिक्सेल उंच असून ती बरोबर दीड मिनिटात संपायला हवी. अक्षरं सारखी थरथरतात. मोशन ब्लर (हलत्या अक्षराची कड पुसट करणारा इफेक्ट) लावूनही फरक पडला नाही.

उत्तर : मोशन ब्लर काढून टाका आणि आधी भागाकार करा. पट्टी खालच्या कडेबाहेरून निघून वरच्या कडेबाहेर जाते, म्हणजे तिला स्वतःची उंची अधिक पडद्याची उंची इतकं अंतर कापायचं असतं : ४३२० + १०८० = ५४०० पिक्सेल. दीड मिनिटाच्या फ्रेम होतात २२५०. म्हणजे दर फ्रेमला २.४ पिक्सेल. दुखणं त्या दशांशात आहे.

पडद्यावर ०.४ पिक्सेल दाखवता येत नाही. काही सॉफ्टवेअर जवळचा पूर्ण पिक्सेल धरतात; मग अक्षर कधी दोन तर कधी तीन पिक्सेल सरकतं आणि डोळ्याला धक्के बसतात. काही सॉफ्टवेअर ती अर्धवट जागा शेजारच्या दोन पिक्सेलांत वाटून देतात. धक्के जातात, पण अक्षराची कड एका फ्रेममध्ये ठळक, पुढच्या फ्रेममध्ये पुसट होत राहते. देवनागरीत हे फारच खुपतं, कारण शिरोरेषा आडवी आणि सरकणं उभं. ओळभर पसरलेली रेघ एकदमच लुकलुकते. म्हणून शिरोरेषा निदान तीन-चार पिक्सेल जाड दिसेल असा फाँट घ्या. बारीक वळणाचे फाँट इथे नकोतच.

आता उपाय. वेग पूर्णांकात हवा. आहे तीच पट्टी दर फ्रेमला २ पिक्सेलने सरकवली तर २७०० फ्रेम, म्हणजे १०८ सेकंद लागतील. ३ पिक्सेलने १८०० फ्रेम, म्हणजे ७२ सेकंद. दीड मिनिट हलवता येत नसेल तर पट्टीची उंची बदला : ३ × २२५० = ६७५०, त्यातून १०८० वजा केले की ५६७०. ओळींमधलं आणि विभागांमधलं अंतर वाढवून पट्टी नेमकी ५६७० पिक्सेल उंच करा. तयार चित्र ताणून मात्र ही उंची गाठू नका. या वेगाने प्रत्येक नाव १४ सेकंदांहून थोडं जास्त पडद्यावर राहतं. वाचायला तेवढं पुरतं.

पट्टीचा अँकर पॉइंट, म्हणजे जिथून तिची जागा मोजली जाते तो बिंदू, तिच्या वरच्या कडेवर ठेवा. पहिला कीफ्रेम (त्या फ्रेमला पट्टी कुठे असावी हे सांगणारी खूण) शून्याव्या फ्रेमवर, पडद्याच्या वरच्या कडेपासून उभी जागा १०८०. दुसरा २२५०व्या फ्रेमवर, उभी जागा उणे ५६७०. दुसरा कीफ्रेम चुकून २२४९वर पडला तरी वेग ३.००१ होतो आणि अक्षरं हळूहळू पुसट होऊन पुन्हा ठळक होतात. ही चूक सर्रास होते, कारण शेवटच्या फ्रेमचा क्रमांक आणि एकूण फ्रेमची संख्या यांत एकाचा फरक असतो. दोन्ही कीफ्रेम लिनियर, म्हणजे सारख्या वेगाचे ठेवा; ईझ (सुरुवात-शेवट संथ करणं) लावला की वेग बदलत जातो आणि दशांश परत येतात. स्केल १०० टक्केच हवा, आणि पट्टी नेस्ट केली (दुसऱ्या सीक्वेन्समध्ये गुंडाळली) असेल तर त्या नेस्टचाही. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं तयार ‘स्क्रोल’ टायटल वापरत असाल तर त्याचा वेग क्लिपच्या लांबीवरून ठरतो, तेव्हा लांबी सेकंदांत नाही, फ्रेममध्ये मोजा.

प्रश्न : हिशेब बरोबर जमवला, तरी संगणकावर पाहताना नावं अडखळतात.

उत्तर : टाइमलाइनवर पाहून निर्णय घेऊ नका, तिथे फ्रेम गळतात. एक्स्पोर्ट केलेली फाइल एकेक फ्रेम पुढे नेत एका शिरोरेषेची जागा मोजा. दर वेळी तेवढेच पिक्सेल सरकत असतील तर फाइल निर्दोष आहे. मग दोष मॉनिटरच्या मेळाचा. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) पडद्यावर २५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोनदा, काही तीनदा दाखवल्या जातात. मॉनिटर ५० हर्ट्झवर चालत असेल तर तसं करून पाहा. काम फक्त इंटरनेटसाठी असेल तर चित्रीकरणापासूनच ३० किंवा ६० फ्रेम धरा. २५ची टाइमलाइन ३०मध्ये एक्स्पोर्ट करणं हा उपाय नव्हे : दर पाच फ्रेममागे एक दोनदा येते आणि फाइलमध्येच अडखळ कायमची बसते.

प्रश्न : खालून आडवी धावणारी बातम्यांची पट्टी दुहेरी दिसते.

उत्तर : सेकंदाला २०० पिक्सेल वेग म्हणजे २५ फ्रेमला दर वेळी ८ पिक्सेलची उडी. डोळा अक्षरामागे सलग फिरतो, चित्र मात्र १/२५ सेकंद जागचं हलत नाही. म्हणून कडा दुहेरी भासतात. खरा इलाज ५० फ्रेम आणि दर फ्रेमला ४ पिक्सेल. ते शक्य नसेल तर इथे मोशन ब्लर कामाचा आहे : १८० अंशांच्या शटरला (ब्लर अर्ध्या उडीइतका) ४ पिक्सेलची पुसट कड मिळते आणि उडी झाकली जाते. श्रेयनामावलीच्या संथ वेगात तोच ब्लर दीड पिक्सेलचा होतो, म्हणजे अक्षर नुसतं मळतं. काळ्यावर शुभ्र पांढरा टाळून ८५ टक्के उजळ राखाडी घ्या. लाल अक्षरं नकोत. ४:२:० फाइलमध्ये रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठते, त्यामुळे लाल कडा फुटतात.

प्रश्न : इंटरलेस्ड फाइल (जिच्यात प्रत्येक फ्रेम सम आणि विषम ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असते) दिली, तर अक्षरं पुढे-मागे हिंदकळतात.

उत्तर : फील्डचा क्रम उलटा झाला आहे. एचडीसाठी ‘अपर फील्ड फर्स्ट’ निवडून पुन्हा एक्स्पोर्ट करा.