"लग्न कधी?" असं विचारलं तर

पोरी, नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत मुलाखतीला चाललीस ना, "लग्न कधी? मग नोकरी सोडणार का?" हे विचारतीलच. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मला विचारलं, तेव्हा मी ओढणीचं टोक पिळत बसले आणि पुढचे सोपे प्रश्नही चुकले. तू चिडू नकोस, खोटंही बोलू नकोस. शांतपणे म्हण, "शिफ्टच्या वेळा मला जमतात, हिंगण्याहून रोज वेळेवर येईन."

त्यांची खरी धास्ती रजेची असते. पण २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानंच आहे. तिच्यासाठी आधीच ओशाळायचं नाही. बाबांच्या आजारपणात गेलेलं वर्ष मात्र स्वतःहून सांग, दोनच वाक्यांत. बायोडेटात ती मोकळी जागा दिसतेच.