तबल्याचा बोल फाटतो : वॅट वाढवावेत की अ‍ॅम्प्लिफायर पारखून घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला ३० वॅटचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असून त्याला ६ ओहमचे, ८६ डेसिबल संवेदनक्षमतेचे बुकशेल्फ स्पीकर जोडलेले आहेत. दिवाणखाना १५ बाय १२ फुटांचा आहे. मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकतो. वडिलांच्या एलपी आणि माझ्या सीडी. व्हॉल्यूमचा नॉब अर्ध्यापुढे नेला की तबल्याचे बोल फाटतात. दुकानदार १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवतात, तर न्यू जर्सीतील भाचा तिकडून आणून देतो म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ३० च्या जागी १०० वॅट आले म्हणजे आवाज तिप्पट होईल असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु कानाचा हिशेब निराळा असतो. शक्ती दुप्पट केली की पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे १०० वॅटवर जाऊन आपल्या पदरात जेमतेम ५ डेसिबल पडतील. आपल्या स्पीकरला एक वॅट दिला असता एक मीटरवर ८६ डेसिबल मिळतात. आपण तीन मीटरवर बसत असाल, तर दोन्ही स्पीकर आणि भिंतींवरून परतणारा आवाज धरून ८० डेसिबलच्या आसपास आवाज कानाशी पोहोचतो, आणि घरात गायन ऐकायला तेवढा पुष्कळ झाला. बैठकीचा बहुतांश वेळ आपला अ‍ॅम्प्लिफायर एक वॅटही खर्च करत नसतो.

मग बोल का फाटतात? तबल्याची चाट किंवा डग्ग्यावरची थाप क्षणभराची असते, पण त्या क्षणी पातळी सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उसळते. १५ डेसिबलसाठी तीसपट आणि २० डेसिबलसाठी शंभरपट शक्ती लागते. ती देता आली नाही की विद्युतलहरीचा माथा सपाट कापला जातो, यालाच क्लिपिंग म्हणतात. नॉब अर्ध्यावरच आहे, म्हणजे अजून निम्मी ताकद शिल्लक आहे, असे मात्र समजू नये. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टचा सिग्नल देतो आणि तेवढ्या सिग्नलवर अनेक अ‍ॅम्प्लिफायर नॉब अर्ध्यावर असतानाच पूर्ण शक्तीला पोहोचतात.

तेव्हा दुकानदारांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही पैसे मोजण्यापूर्वी दोष कोणाचा हे ठरवावे, असा माझा आग्रह आहे. एखाद्या स्नेह्याचा अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर एका संध्याकाळपुरता मागून आणावा आणि तीच एलपी तेवढ्याच आवाजात लावावी. बोल तरीही फाटत असेल, तर मर्यादा स्पीकरच्या लहान वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या पडद्याची, असू शकते, आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर तिच्यावर उपाय नव्हे. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेले असतील, तर ते आधी बाहेर काढून स्टँडवर, ट्वीटर (उंच स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला येईल असे ठेवावेत. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याची जवारी यांत जो फरक पडेल, तो पुष्कळदा अ‍ॅम्प्लिफायर बदलूनही पडत नाही. नॉब फिरवताना खरखर होत असेल किंवा एक बाजू मधूनच गप्प होत असेल, तर संपर्कबिंदूंची सफाई आणि जुने कपॅसिटर बदलणे एवढ्यावरही काम भागू शकते.

दोष अ‍ॅम्प्लिफायरचाच ठरला, तर वॅटचा आकडा कसा मोजला आहे ते पाहावे. टू-इन-वनच्या खोक्यांवर हजारांत छापलेला पीएमपीओचा, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा, आकडा आपल्याला आठवत असेल; त्याला काहीही अर्थ नव्हता. डावे-उजवे दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असताना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, अत्यल्प विकृतीसह मिळणारी शक्तीच ग्राह्य धरावी. त्याहून महत्त्वाचा मुद्दा ओहमचा, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करत असलेल्या विरोधाचा, आहे. ६ ओहम हा नाममात्र आकडा असून काही कंप्रतांना आपला स्पीकर ४ ओहमपर्यंत किंवा त्याखालीही उतरू शकतो आणि तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरकडून अधिक विद्युतप्रवाह मागतो. म्हणून ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर, केवळ ८ ओहमला १०० वॅट छापून ४ ओहमबद्दल मौन पाळणाऱ्यापेक्षा मी अधिक विश्वासाचा मानतो. १९७८ साली आलेला नॅड कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प्लिफायर कागदोपत्री अवघा २० वॅटचा होता, पण क्षणिक उसळीला तो याच्या कितीतरी अधिक शक्ती देत असे, आणि म्हणूनच त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, कोरडा वाजतो, हा ग्रहही आता सोडून द्यावा.

वडिलांच्या एलपींसाठी नव्या अ‍ॅम्प्लिफायरला फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर थेट जोडण्याची सोय, आहे की नाही, हे आवर्जून विचारावे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागील मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल केवळ ३ ते ५ मिलिव्होल्टचा असतो. तो वाढवण्यासाठी आणि ध्वनिमुद्रिका कापताना घटवलेला खर्ज पूर्ववत करण्यासाठी स्वतंत्र विद्युतमंडल लागते. आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते अंगभूत असणार, पण आजच्या अनेक मॉडेलांत नसते आणि मग वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो.

दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा करून घ्यावा. एक डेसिबलहून कमी फरक असला, तरी थोडा मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर अधिक मोकळा आणि जिवंत भासतो आणि निवड तिथेच चुकते.

भाच्याच्या प्रेमळ सूचनेबाबत मात्र सावध राहावे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची आहे, तर आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. तिथे विकले जाणारे अनेक अ‍ॅम्प्लिफायर केवळ १२० व्होल्टचे असतात. ते इथे थेट जोडले तर जळतील. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला, तरी फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, आणि बहुतेक कंपन्यांची वॉरंटीही इथे लागू होत नाही. भाच्याला होकार कळवण्यापूर्वी त्या मॉडेलच्या मागील बाजूवरील व्होल्ट-हर्ट्झच्या पट्टीचे छायाचित्र मागवून घ्यावे. तिच्यावर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ यांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर अ‍ॅम्प्लिफायर इथेच खरेदी करावा.