शिंगराच्या खालच्या जबड्यावर कडक गाठ आली आहे, कॅन्सर असेल का?

तुमच्या प्रश्नातलं मुद्द्याचं आधी मांडतो. शिंगरू १० महिन्यांचं. खालच्या जबड्याला, पुढच्या दातांच्या खाली कडक गाठ. सुपारीएवढी होती ती आता लिंबाएवढी झाली. ताप नाही, हात लावला तर दुखत नाही, चारा खातंय. अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली, फरक नाही. चिंचलीची जत्रा झाल्यावर दाखवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. जत्रा पुढच्या वर्षीही येईल.

मी पशुवैद्य आहे, नोकरीची बरीच वर्षं चिकोडी-निपाणी भागात गेली. घोड्याच्या जबड्यावरच्या बहुतेक गाठी ट्यूमर नसतातच. दाढेच्या मुळाशी पू धरतो, हाड फुगतं, मग खालून भोक पडून वास मारणारा स्राव येतो. अडीच ते चार वर्षांच्या घोड्याला पक्क्या दाढा येताना जबड्याच्या खालच्या कडेला टेंगळं दिसतात, बहुधा दोन्ही बाजूंना, आणि ती आपोआप जिरतात. लाथ बसून हाड तडकलं असेल तर ते जुळतानाही गाठ येते. स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगात दोन जबड्यांच्या मधल्या गाठी सुजतात, पण त्यात ताप असतो, नाक वाहतं आणि गाठ मऊ होऊन फुटते. आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायला लागते. नुसता गव्हाचा कोंडा आणि उसाचं वाडं यावर वाढवलेल्या घोड्याला कॅल्शियम कमी पडतं. कोंड्यात फॉस्फरस फार आणि जे काही कॅल्शियम मिळतं तेही वाड्यातलं ऑक्झलेट बांधून ठेवतं. मग तोंडाची हाडं फुगतात, पण दोन्ही बाजूंनी.

तुमच्या शिंगराचं यातल्या कशाशीच नीट जुळत नाही. वय वर्षाच्या आतबाहेर आणि जागा पुढच्या दातांपाशी, हे दोन्ही एकत्र आलं की पहिली शंका ऑसिफायिंग फायब्रोमाची. ही हाडातूनच वाढणारी दुर्मिळ गाठ आहे. बहुतेक वेळा २ ते १४ महिन्यांच्या शिंगरांत आणि नेमकी याच जागी सापडते. ती फुप्फुसात वगैरे पसरत नाही, म्हणजे तुम्ही ज्या अर्थाने कॅन्सर म्हणताय तसा हा नव्हे. पण जागच्या जागी वाढत राहते, दात हलवते, ओठ मिटू देत नाही, आणि अर्धवट काढली तर परत येते. दुसरी शक्यता ओडोन्टोमाची, तीही लहान वयातली, दात घडवणाऱ्या पेशींची गाठ. अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दातावरचं कवच घडवणाऱ्या पेशींची गाठ, सहसा वयस्क घोड्यात दिसतो. हाडाचा खरा कॅन्सर, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा, घोड्यात फार कमी. मात्र होतो तेव्हा बहुतेकदा डोक्याच्या हाडांत आणि त्यातही खालच्या जबड्यात होतो. म्हणून नुसत्या फोटोवरून कुणी ठामपणे सांगत असेल तर ऐकू नका, माझंही नाही.

पहिलं काम एक्स-रे. गुंगीचं इंजेक्शन देऊन, एक बाजूने आणि एक प्लेट तोंडात ठेवून. एकाच बाजूने काढलेल्या फोटोत डावा-उजवा जबडा एकमेकांवर येतो आणि काही कळत नाही. फायब्रोमात कडा बऱ्यापैकी स्पष्ट असते, आत कमीजास्त हाड दिसतं, दात सरकलेले असतात. ओडोन्टोमात दातासारखे पांढरेफेक तुकडे दिसतात. अमेलोब्लास्टोमात बुडबुड्यांसारखे पोकळ कप्पे. हाड कुरतडल्यासारखं दिसलं, कडाच सापडत नसेल, तर मात्र गंभीर. खानापूरकडची एक लग्नाची घोडी कॅन्सर म्हणून सोडून देणार होते. एक्स-रेत तुटलेल्या दाढेचं मूळ निघालं आणि दाढ काढल्यावर जबडा भरून आला.

खात्री बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला तरच होते, आणि घोळही इथेच होतो. वरवरचा तुकडा काढला तर रिपोर्टात फक्त गाठीभोवती प्रतिक्रिया म्हणून धरलेलं नवं हाड येतं आणि सगळे निर्धास्त होतात. तुकडा खोलवरचा हवा, हाडासकट. तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा (एक भाग बाजारचं फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी), आणि द्रावण तुकड्याच्या दहापट तरी असावं. सोबत वय, नेमकी जागा आणि एक्स-रेची प्रत पाठवायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली हाडाच्या गाठी एकमेकींसारख्या दिसतात, त्या माहितीशिवाय पॅथॉलॉजिस्टचाही गोंधळ होतो. हाड आधी आम्लात मऊ करायला लागतं, म्हणून रिपोर्टाला साध्या गाठीपेक्षा जास्त दिवस लागतात. रोज फोन करून काही होत नाही. आणि चिरा देण्याआधी धनुर्वाताची लस झालीय ना, ते बघा. घोड्याइतका धनुर्वात क्वचितच कुणाला लागतो.

तोवर गाठीला डाग देऊ नका, बिब्बा लावू नका, सुईने फोडू नका. नुकसान होतंच, शिवाय नंतरची बायोप्सी वाचता येत नाही.

फायब्रोमा निघाला तर पुढच्या दातांसकट जबड्याचा तेवढा भाग काढतात. ऐकून धक्का बसेल, पण घोडा चारा धरतो तो मुख्यतः ओठांनी. जखम भरेपर्यंत भिजवलेला मऊ चारा दिला की नंतर बहुतेक जनावरं नीट चरतात. जीभ थोडी बाहेर राहील, एवढंच. शर्यतीच्या गाडीला जुंपायचा विचार असेल तर मात्र कडियाळ (लगामाचा तोंडातला भाग) जिथे बसतं ती दातांमागची मोकळी जागा वाचली पाहिजे. गाठ तिथपर्यंत मागे सरकली, तर कापल्यावर दोन्ही बाजूंची हाडं स्थिर ठेवणंच अवघड होतं. म्हणून जत्रेपर्यंत थांबू नका म्हटलं.

कुठे न्यायचं? शस्त्रक्रियेची सोय असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. निपाणीच्या बाजूने महाराष्ट्रातलं शिरवळ महामार्गावर सरळ पडतं. बेंगळूरूचं हेब्बाळ लांब आहे. आधी फोन करून घोड्याच्या तोंडाचा एक्स-रे आणि भूल, दोन्हीची सोय आहे का ते विचारा. शिरवळला जाणार असाल तर इथल्या दवाखान्याची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या. कन्नडमधली तिकडे वाचणार कोण? दिलेल्या इंजेक्शनांची नावं आणि तारखाही त्याच कागदावर घ्या.