लिंब तोडला, आता किती झाडं लावायची?

प्रश्न : नमस्कार ताई, लातूरला आमचा जुना वाडा पाडून घर बांधायला काढलंय, प्लॉट लहानच आहे आणि बरोबर पायाच्या जागेवर मोठा कडुलिंब उभा होता. मनपाची रीतसर परवानगी घेऊनच तोडला. आता त्याच्या बदल्यात बरीच झाडं लावा म्हणतात, आजूबाजूचे म्हणतात एक रोप लाव अन् मोकळा हो. खरं काय? गावाकडं शेत आहे, तिथं लावली तर चालतील का?

उत्तर : दादा, शेजाऱ्यांचं ऐकू नका. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे, तो खाजगी जागेतल्या झाडालाही लागतो, झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी. २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली आणि आता हिशोब असा की तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं. म्हणजे तुमचा लिंब तीस वर्षांचा धरला तर तीस. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड असेल तर ते हेरिटेज म्हणजे वारसा झाडात मोडतं, त्याची परवानगी घेणं अजून कडक. रोपं पण बोटभर चालत नाहीत, सहा ते आठ फुटांची लागतात, जिओ टॅगिंग म्हणजे प्रत्येक झाडाच्या जागेची नकाशावर नोंद करायची आणि सात वर्षं सांभाळायची. म्हणून परवानगीच्या कागदावर वय किती धरलंय, झाडं किती, मुदत किती हे नीट वाचा, तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं.

प्लॉटमध्ये तीस झाडं मावणार नाहीत हे उघडच आहे. मग दुसरी जागा मनपाच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून ठरवून घ्यायची, नाहीतर झाडाची किंमत भरायचा पर्याय विचारायचा. गावाकडचं शेत मनपाच्या हद्दीबाहेर, त्यामुळं आधी लेखी होकार घ्या, नुसतं तोंडी "चालतंय" म्हणाले म्हणून तीस खड्डे खणू नका.

आता मला खरंच सांगायचंय ते पाण्याचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते लातूरकरांना सांगायला नको, आणि वन क्षेत्रात आपला जिल्हा राज्यात अगदी तळाला, अशा ठिकाणी रोप लावणं सोपं पण मे महिना काढणं अवघड. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. लागवड पहिल्या दमदार पावसानंतर करा, आळं मोठं करा, वर पालापाचोळा किंवा सोयाबीनचं भूस अंथरा, आणि प्रत्येक रोपाशेजारी पाणी झिरपणारा साधा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरा, तोंडावर झाकण ठेवा, पाणी हळूहळू झिरपून थेट मुळाशी जातं. कमीत कमी तीन उन्हाळे हे करावंच लागतं. झाडं लिंब, करंज, बहावा, जांभूळ अशी इथलीच निवडा. कोनोकार्पस हे परदेशी झाड लवकर हिरवंगार दिसतं म्हणून नर्सरीवाला गळ्यात मारेल, घेऊ नका. आणि घरापुढं एक तरी लिंब लावाच, पायापासून लांब आणि वर विजेची तार नाही अशा कोपऱ्यात. बाकीची झाडं कुठंही गेली तरी तुमच्या गल्लीची सावली गेलीय ना, ती त्या एकानंच परत येणार.

प्रश्न : रेणापूर तालुक्यात शेताच्या बांधावर वडिलांच्या वेळची चिंच आहे, तोडायला मनपासारखीच परवानगी लागते का?

उत्तर : मनपाचा कायदा तिथं लागत नाही, पण परवानगी लागते. ग्रामीण भागात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग अशी झाडं येतात. सातबारा घेऊन आधी तलाठ्याकडं आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, परवानगी हातात पडेपर्यंत कुऱ्हाड लावू नका, व्यापारी आगाऊ पैसे देत असला तरी. आणि चिंच अजून फळ देत असेल तर एकदा घरात बसून हिशोब करा, दरवर्षी येणारी चिंच आणि एकदाच मिळणारं लाकूड. पिकावर सावली पडते एवढीच तक्रार असेल तर पिकाकडच्या फांद्या छाटता येतील का ते तिथंच विचारून घ्या.