तक्रार केली तर देव कोपेल का?

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की आता लिहायलाच हवं.

त्यातल्याच एक काकी. नारळी पौर्णिमा उलटली तरी जाळं रिकामंच येत होतं. टीव्हीवर जाहिरात बघून त्यांनी साडेअकरा हजारांचं ‘सिद्ध’ यंत्र मागवलं. २१ दिवसांत बरकत, नाहीतर पैसे परत. बरकत आली नाही, पैसेही नाहीत. विक्रेता फोनवर म्हणाला, “तुमची श्रद्धा कमी पडली.” पैशांपेक्षा हे वाक्यच त्यांना खात होतं.

कायदा पहिल्याच भेटीत सांगता आला असता, पण मी घाई केली नाही. धास्तावलेल्या मनाला कलमं ऐकू येत नाहीत. आपली भीती घटनेतून कमी आणि तिला लावलेल्या अर्थातून जास्त येते, आणि तो अर्थ ज्याचा त्यानेच तपासायचा असतो, असं मी मानते.

चौथ्या भेटीत विचारलं, “काकी, गुरव देवळात तुमच्यासाठी गाऱ्हाणं घालतो, तेव्हा २१ दिवसांची हमी देतो?”

“छ्या! तो खयसून देतलो?”

“मग ही हमी कोणी दिली?”

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मग मान वर केली. “देवान खंय दिली? त्या मेल्यान दिल्यान.”

ते बळ त्यांचं स्वतःचं होतं. मी फक्त गुरव आठवून दिला.

आता कायदा. श्रद्धा खरी की खोटी, हे ग्राहक आयोग ठरवत नाही. पण मोबदला घेऊन ठरावीक फळाचं आश्वासन दिलं, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीची दाद मागता येते. स्वखुशीची दक्षिणा वेगळी. चमत्काराचे दावे करून यंत्रं विकणाऱ्या जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये स्पष्ट केलंय. पैसे भरल्याची पावती, खोका, फोनवरचे मेसेज जपून ठेवा. तक्रार दोन वर्षांच्या आत करा. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, वकील लागतोच असं नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला तरी चालेल.

काकींनी देवळात नारळ ठेवला, गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं आणि कागदांची पिशवी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणची, ओरोसची एसटी पकडली.