चुकांची वही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. महिनाभर एकही खाडा न करता रोज १०० प्रश्न सोडवतेस आणि तरी एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, गणिताचे गुण जागचे हलत नाहीत. अकरावीला कॉमर्स घेताना गणित सुटलं, आता ते जमायचं नाही, असंही लिहिलंयस. ते मला मुळीच पटलं नाही. तू पाठवलेला मॉक मी कागद-पेन्सिल घेऊन नीट तपासला. चुकलेल्या ९ प्रश्नांपैकी ५ तुला येत होते.

एकच बघ. तीन नैसर्गिक संख्या क्ष, य आणि झ, त्यांची बेरीज १५, तर अशा उकली किती? तू १३६ लिहिलंस. उत्तर आहे ९१. शून्य चालत असतं, तर १३६ बरोबर होतं. पण नैसर्गिक संख्यांत शून्य नसतं. प्रत्येकीला आधी १ देऊन टाकायचा, उरलेले १२ वाटायचे. १२ एकक आणि तीन वाटे पाडणाऱ्या २ रेघा मिळून १४ जागा, त्यांतल्या २ रेघांसाठी निवडायच्या: १४ गुणिले १३ भागिले २, म्हणजे ९१. रीत तुला पाठ होती, शब्द नजरेतून निसटला. तू मात्र 'संचय कच्चा' अशी नोंद करून त्याच धड्याचे आणखी ४० प्रश्न सोडवलेस. अख्खी संध्याकाळ गेली आणि चूक होती तिथेच राहिली.

म्हणून उद्यापासून १०० चे २५ कर. घाबरू नकोस, वेळ तेवढाच लागेल. एक साधी दोनशेपानी वही घे. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात उतरव आणि खाली एका वाक्यात, तुझ्या शब्दांत, का चुकला ते लिही. 'सिली मिस्टेक' असं लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. 'परतीचा वेग धरायला विसरले', 'शेकडा नफा विक्रीवर काढला' असं लिही. आठव्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, स्पष्टीकरण झाकून, पुन्हा सोडव. सुटला तर वहीत त्यावर काट मार, नाही तर आणखी आठ दिवसांनी परत. स्पष्टीकरण वाचताना मान डोलते, पण पेन हातात घेतल्यावर दुसऱ्याच ओळीला अडतं. हे मी वर्षानुवर्षं मुलांच्या बाबतीत पाहत आलोय.

आकडेमोडीचं वेगळं सांगतो. आपल्याकडे जुनी माणसं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ म्हणायची. तुला आज त्याच सवयीची गरज आहे. छापील किंमत खरेदीपेक्षा ४० टक्के जास्त ठेवली आणि मग २५ टक्के सूट दिली, तर नफा किती? तू समीकरण मांडलंस. १०० चे झाले १४०, त्याचे पाऊणपट १०५, म्हणजे नफा ५ टक्के. दहा सेकंदांचं काम. एक सप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के, एक अष्टमांश १२.५, एक एकादशांश ९.०९, एक विसांशापर्यंतचे असे सगळे अपूर्णांक बसच्या रांगेतसुद्धा म्हणत जा. परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो खरा, पण माउसने एकेक आकडा दाबेपर्यंत हिशोब डोक्यात होऊन जातो.

आता वेळेचं. कॅटच्या गणित विभागाला ४० मिनिटं आणि २२ प्रश्न. एका भूमितीच्या प्रश्नाला तू ७ मिनिटं दिलीस आणि शेवटचे तीन सोपे प्रश्न उघडलेसुद्धा नाहीस. मला सगळ्यात जास्त हळहळ त्याची वाटली. पहिल्या फेरीत सगळा पेपर वाचून काढ, दीड मिनिटात वाट दिसली नाही तर पुढे जा. अंदाजाने टिक करायचीही सवय सोड. चार पर्यायांत बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला वजा १. डोळे मिटून चार प्रश्न ठोकलेस तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, हाती शून्य. एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला तरच अंदाज परवडतो. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, तिथे जे काही निघालं असेल ते भरून ये.

तू आपल्या राज्याची एमबीए सीईटीही देणार आहेस. तिचा बाज वेगळा. १५० मिनिटांत २०० प्रश्न, वजा गुण नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दोन्ही परीक्षांचे मॉक एकाच दिवशी देऊ नकोस, हाताची सवय बिघडते.

या रविवारी नवा मॉक नको. चुकलेल्यांपैकी ते जे पाच तुला येत होते, तेवढेच कोऱ्या कागदावर सोडव, प्रत्येकाशेजारी किती मिनिटं लागली ते लिही आणि फोटो पाठव. रात्री आठनंतर मी मोकळा असतो.