डबा नाही, मग बेस गेला कुठे?

प्रश्न : ताई, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढलेले दोन दहा इंची स्पीकर माझ्याकडे आहेत, कागदी कोन, मागे इवलासा मॅग्नेट. ४५ सेंमी रुंद फळ्यांना मधोमध भोक पाडून बसवले आणि भिंतीला टेकवून ठेवलेत. गाणाऱ्याचा आवाज इतका मोकळा येतो की काय सांगू, पण बेस गिटार पार गायब. टोन कंट्रोल फुल केला की कोन नुसता फडफडतो. मॅग्नेट कमजोर झाला असेल का? नवीन घेऊ का?

उत्तर : थांबा, इतक्यात काही घेऊ नका, स्पीकर बहुतेक ठणठणीत आहेत, फळी अपुरी पडतेय. कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते, म्हणजे दोन्हीकडचे आवाज एकमेकांच्या उलट, आणि डबा नसल्यामुळे मागचा आवाज कडेला वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्याला खाऊन टाकतो. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब, तिला ४५ सेंमीचा वळसा म्हणजे काहीच नाही. तुमच्या फळीचा आधार साधारण १२५ हर्ट्झपाशी संपतो, त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबलची घसरण, आणि स्पीकरच्या रेझोनन्सखाली (कोन आपसूक सर्वात जास्त डोलतो त्या फ्रिक्वेन्सीखाली) तर १८ डेसिबलची. ६ डेसिबल भरून काढायचे तर कोन दुप्पट हलवावा लागतो आणि कोन हलवणाऱ्या जुन्या व्हॉइस कॉइलला एवढी धाव नसतेच, तेव्हा तो नॉब आजच मधे आणा, प्लीज, असा कोन फाटला की परत मिळत नाही.

इवलासा मॅग्नेट इथे उलट कामाचा. तो कोनला रेझोनन्सपाशी कमी आवरतो, म्हणजे क्यूटीएस (कोन जितका कमी आवरला तितका मोठा येणारा आकडा) जास्त, ओपन बॅफलला, म्हणजे डब्याविना नुसत्या फळीला, तो ०.७ च्या आसपास किंवा थोडा वर असला की छान. भल्यामोठ्या मॅग्नेटचा ०.३ वाला नवा वूफर याच फळीवर आणखी पोकळ वाजेल.

आता फळी ६० सेंमी करा, १८ मिमी प्लायवुड, आणि दोन्ही कडांना मागच्या बाजूला २० सेंमीचे पंख जोडा, वळसा मीटरभर होतो आणि आधार ६० हर्ट्झच्या जवळपास उतरतो. पंख याहून फार खोल केले तर मागे डबाच तयार होतो आणि घुमतो, मग एवढा खटाटोप कशाला? खालची कड जमिनीला चिकटून ठेवा, म्हणजे खालून वाट बंद. भोक थोडं एका बाजूला घ्या, मधोमध असलं की दोन्ही कडा सारख्या अंतरावर येतात आणि एकाच फ्रिक्वेन्सीला मोठा खड्डा पडतो. आणि भिंतीपासून मीटरभर पुढे आणा, हे तर आत्ताच करून बघा.

पण करवत हातात घ्यायच्या आधी दीड व्होल्टचा सेल घेऊन दोन्ही स्पीकरच्या टर्मिनलना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला की सेलचा प्लस जिथे टेकला तो प्लस, तिथे खूण करा. जुन्या स्पीकरवर खुणा पुसलेल्या असतात, एक उलटा जोडला गेला तर दोघं मिळून एकमेकांचा बेस मारतात. मग कोनच्या मध्याभोवती चारी बोटं टेकवून हलकेच सरळ आत दाबा, कान जवळ ठेवा. वाळू घासल्यासारखी खरखर आली तर कॉइल घासतेय, तसं असेल तर मॅग्नेट मात्र उघडू नका, जुने अल्निको मिश्रधातूचे मॅग्नेट उघडले की जोर गमावतात. आधी मला कळवा.